शेंदरी बुरशीचं गोत्र

पंचवटीत आमच्या घराची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक आईचा चिवडा आणि दुसरी माझ्या थापा. चिवडा आईबरोबर गेला, थापा अजून टिकून आहेत. गोदेला मोठा पूर आला तेव्हा मी रामकुंडाजवळून एक म्हैस पोहत जाताना पाहिली, तिच्या पाठीवर रिक्षा होती आणि रिक्षाचा मीटर चालू होता, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की पुढे त्या रिक्षावाल्याला ओळखणारी दोन माणसं मला भेटली. एकाने तर त्याला उसने दिलेले पैसेही बुडाले म्हणून सांगितलं.

घरात हे सगळं ऐकून न वैतागणारं एकच माणूस होतं, माझी थोरली बहीण. ताईचं कसब वेगळंच. माझ्या थापेतला खरा भाग कुठला, हे तिला अचूक कळायचं. मी म्हशीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळे ओरडले, "गप बस, थापाड्या." ताई कणीक तिंबता तिंबता वर न बघता म्हणाली, "म्हैस खरी. रिक्षा खोटी." आणि खरंच तसंच होतं. जगात एक माणूस जरी आपलं खरं-खोटं निवडून देणारं असलं ना, की बाकीच्यांना कितीही थापा मारायला मोकळीक मिळते. मी ती भरपूर घेतली.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा वाजली की प्राध्यापक, पुन्हा वाजली की बेकार. आमच्या प्रयोगशाळेतला पंखा इतका संथ होता की एका कोळ्याने दोन पात्यांच्या मध्ये संसार थाटला, त्याची पोरं तिथेच मोठी झाली आणि वेगळी राहायला दुसऱ्या पंख्यावर गेली. त्या पंख्याखाली मी एक बुरशी पाळली होती. लोक पोपट पाळतात, मी बुरशी पाळली. पोपट बोलतो तरी, असं आई म्हणायची.

शास्त्रात तिला न्यूरोस्पोरा म्हणतात. तुम्ही तिला पाहिलेलं आहे, फक्त ओळख झालेली नाही. गंगापूर धरणाच्या रस्त्याला भाजलेलं कणीस खाऊन माणसं दांडा फेकून देतात. दोन दिवसांनी तो दांडा बघा, शेंदूर फासल्यासारखा झालेला असतो. तीच ही. नुसत्या धाग्यांची बनलेली, पण धावते अशी की बेकरीवाले तिच्या नावाने रडतात. रात्री पावाच्या खोक्यात शिरली तर सकाळी झाकण उचलून बाहेर डोकावते. (इथे मी फेकत नाहीये. झाकण थोडंसंच उचलते.) वर जी शेंदरी पूड धरते ती फुंकर घातली तरी उडते आणि जिथे पडेल तिथे नवं बिऱ्हाड करते. 

आणि हीच बुरशी जगभरच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत मानाने ठेवलेली असते. जनुक म्हणजे नक्की काय करतं, हे माणसाला आधी सांगितलं ते हिने. ती सांगायची आणि माणसं लिहून घ्यायची. माझ्याकडची जात तर घड्याळ बाळगणारी होती. लांब काचेच्या नळीत एका टोकाला तिला सोडायची, नळी अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवायची, की ती सरपटत पुढे जाते आणि रोज एक शेंदरी पट्टा काढते. सूर्य नाही, घंटा नाही, तरी रोज एक. तिचा दिवस आपल्यापेक्षा जरा आखूड असतो इतकंच. आमच्या कॉलेजचं घड्याळ तर वर्षातून दोनदाच बरोबर असायचं, तेही लोक त्याच्याकडे बघत नसताना.

तिच्या दोन खोडी मात्र इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पहिली अशी की तिचं एक काळं बी असतं, ते मातीत वर्षानुवर्षं कुंभकर्णासारखं झोपून राहतं. पाऊस पडो, नांगर फिरो, ते हलत नाही. अंगाला आगीची धग लागली की मात्र खडबडून जागं होतं. म्हणून उसाचं पाचट पेटवलं की मागे राहिलेल्या करपलेल्या बुडख्यांवर ही शेंदरी होऊन फुटते. दुसरी खोड म्हणजे ही बुरशी गोत्र पाळते. तिच्यात दोन गोत्रं. समोरची आपल्याच गोत्राची असली की कितीही जवळ ठेवा, लग्न जमत नाही म्हणजे नाही. परगोत्राची भेटली तरच काळी फळं धरतात. आमच्याकडच्या बुरशीचं गोत्र एकच होतं, कारण माझ्याकडे तेवढी एकच जात होती. दुसरी आणायला कुणी परवानगी दिली नसती. पहिलीच कुणी विचारून आणली होती?

ताईला निफाडला दिली होती. दाजी द्राक्षबागाईतदार. माणूस वाईट नव्हता, पण शिवारात दुसऱ्या कुणी काही नवीन केलं की त्यांच्या पोटात कळ यायची. कुणीतरी केळीची रोपं बाटलीत तयार करण्याचा कारखाना काढला, म्हणून दाजींनीही काढला. बागेच्या कडेला पांढरीशुभ्र इमारत, आत काचेच्या बाटल्यांच्या मांडण्या, प्रत्येक बाटलीत खिरीसारखं गोड अन्न आणि त्यात बोटाएवढं केळीचं बाळ. त्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. शिंक आली तर गावाबाहेर जाऊन द्यायची, असा नियम होता म्हणतात. कारण त्या गोड अन्नावर हवेतला एक कण पडला तरी बाटली गेली.

तर अशा ह्या निर्जंतुक इमारतीचं उद्घाटन दाजींनी लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर ठरवलं, वास्तुशांतीसकट. पंचवटीतले गुरुजी नेले. होम आग्नेय दिशेलाच हवा. आणि आग्नेयेला नेमका बाटल्यांच्या खोलीपुढचा बोळ आला. बोळात होमकुंड, कुंडाच्या चारी कोपऱ्यांना मखर म्हणून स्वतःच्या शेतातले ऊस, तेही मुळासकट उपटलेले आणि माती लागलेले. तुपाची धार पडली की ज्वाळा उसाच्या कमरेपर्यंत जायच्या. शास्त्रोक्त झालं सगळं. दोन्ही शास्त्रांप्रमाणे.

मी गेलो भाऊबीजेला. बोळात शिरलो तर ते ऊस तसेच उभे होते, खालून काळेठिक्कर, करपलेले. ताईने त्यांच्या बुडख्यांना ओलं पोतं गुंडाळलं होतं, सुकू नयेत म्हणून. हेच ऊस पुढे तुळशीच्या लग्नाला मांडवाला वापरायचे होते आणि तोवर पूजेचं मखर हलवायचं नाही, अशी तिच्या सासूबाईंची आज्ञा होती.

मी म्हटलं, "दाजी, हे ऊस आजच्या आज बाहेर काढा. ह्यांच्यात एक राक्षस झोपलाय, तुम्ही त्याला होमानं उठवलाय. आता तो तुमच्या सगळ्या बाटल्या खाणार आणि ढेकर देणार."

"आलं का तुमचं थापापुराण!" दाजी सगळ्या पाहुण्यांकडे बघून म्हणाले. "मेव्हणं, राक्षसाच्या पाठीवर रिक्षा हाय का नाय?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता. ताईने मला ओवाळलं, मी ओवाळणी घातली, करंज्या खाल्ल्या आणि संध्याकाळच्या एसटीने घरी आलो.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात दाजींचा फोन आला. आवाज असा की तार वितळेल. "या आणि बघून जा काय पेरून गेलात ते."

गेलो. दार उघडलं आणि माझ्यासारख्या थापाड्यालासुद्धा वाढवून सांगता येणार नाही असं दिसलं. मांडणीमागून मांडणी शेंदरी झाली होती. जणू कुणी हजारो मारुती बाटल्यांत भरून ठेवले होते. झाकणांच्या फटींतून पूड बाहेर आलेली, फरशीवर पूड, भिंतीवर पूड. केळीची बाळं आत कुठेतरी गुदमरून मेलेली.

दाजी माझ्याकडे बघत नव्हते. बोलल्या त्यांच्या आई. पदर कमरेला खोचून उभ्या होत्या. "लोकांचे भाऊ भाऊबीजेला ववाळणी घालत्यात. ह्यानं बुरशी घातली."

"मावशी, माझी नाही हो ही. ही तुमच्या उसाची आहे. मी सांगितलं होतं—"

"तुमच्याकडं अशीच शेंदरी बुरशी हाय का नाय?" दाजींनी विचारलं.

"आहे, पण—"

"तुम्ही रोज तिच्यात हात घालता का नाय?"

"घालतो, पण—"

"मग पण कशाचा? अंगाला लावून आलात आन् झटकून गेलात. आन् वरून आमच्या लक्ष्मीच्या उसावर ढकलताय."

मी ताईकडे बघितलं. म्हैस-रिक्षेच्या वेळेसारखं बघितलं. तिने मान वर केली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तो खोटं बोलला तर मला कळतं. आत्ता नाही बोलत तो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण ह्यांना नुसत्या बोलण्यावर नाही पटायचं. तुझं ते शास्त्र काय म्हणतं ते आणून दाखव. मी सगळ्यांना बसवते ऐकायला."

त्या एका वाक्यावर मी हवेत तरंगत बाहेर आलो. अंगणात मांडव घालायला काढून ठेवलेले ऊस होते. पोतं बाजूला केलं तर करपलेल्या कांड्यांवर शेंदरी जाड थर. तिथली पूड मी एका कागदात घेतली. बाटल्यांतली दुसऱ्या कागदात. आणि जाता जाता एक विचित्र गोष्ट दिसली. खोलीतल्या नव्याकोऱ्या एसीच्या कपाळावर, जिथून थंड हवा बाहेर पडते तिथेच वर, शेंदरी बोट उमटलेलं. दारावर एक, पहिल्या मांडणीवर एक. बुरशी आपणहून टिळे लावत नाही. तेव्हा मला वाटलं, वा, पुरावा आणखी पक्का झाला. कुणाचं बोट, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मग नाशिकला मी बुरशीची लग्नं लावायला बसलो. बाहेर घरोघरी तुळशीची लागत होती, आत माझ्या नळ्यांत हिची. हिचं लग्न लावायचं तर हिला अर्धपोटी ठेवावं लागतं. पोट भरलेलं असलं की नुसती हुंदडते, संसार सुचत नाही. म्हणून पातळ, निःसत्त्व अन्नावर माझी घरची बुरशी वाढवली. एका नळीत तिच्यावर तिचीच पूड टाकली, दुसरीत बाटल्यांतली, तिसरीत उसावरची. बाटलीतली पूड जर माझ्या कपड्यांवरून गेली असेल, तर ती माझ्याच गोत्राची. मग लग्न होणार नाही आणि नळी कोरीच राहणार. एवढं साधं. कुठल्याही गावच्या म्हातारीला समजेल असं.

पहिली नळी कोरी राहिली. दुसरीत काळे ठिपके धरले, मोहरीहूनही बारीक. तिसरीतही धरले. पुढे ती फळं पिकली, फुटली आणि काचेवर समोरच्या बाजूला काळ्या बियांचा सडा पडला. मी प्रयोगशाळेत एकटाच नाचलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एक गोष्ट होती जी मुळीच फुगवायची गरज नव्हती.

कॉलेजचा सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून, नळ्या खिशात घालून मी निफाडची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "पेटी का? भजन कुठंय?" मी म्हटलं, "निफाडला. आज माझंच आहे."

दाजींची मंडळी ओसरीवर जमत होती. ताई म्हणाली, आधी मला दाखव, मग त्यांना बोलवू. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड चांगला होता. तिथे सूक्ष्मदर्शक मांडला, एक काळं फळ दाबून काचेखाली ठेवलं. ताईने चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला.

"किती सुरेख आहे रे," ती म्हणाली. "शेंगेत दाणे असतात ना, तसं. एका ओळीत आठ. सगळ्या शेंगांत आठच."

"आठच असतात. ही आपल्या बाटल्यांतल्या बुरशीची आणि माझ्याकडच्या बुरशीची पोरं. एका गोत्राच्या असत्या तर झालीच नसती. म्हणजे बाटल्यांतली माझी नाही. आणि उसावरचीही माझी नाही, ती बाटल्यांतल्या बुरशीच्याच गोत्राची आहे." मी भरभर बोलत होतो. "होमाची धग लागली, बी जागं झालं, ओल्या पोत्यात फोफावलं. आणि तिथून आत कशी गेली तेही सांगतो. कुणीतरी ती पूड बोटानं एसीला लावलीय. एसी चालू झाला की सगळ्या खोलीत—"

ताईने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. स्वतःच्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे बघत राहिली. ज्या बोटाने कुंकू लावतात ते बोट.

"मला तो शेंदूर वाटला," ती म्हणाली.

मी हातातली नळी खिशात ठेवली.

"तू गेल्यावर चार दिवसांनी. पोत्याला पाणी मारायला गेले तर उसावर शेंदूर. होमातला उडाला असेल म्हटलं. सासूबाईंना दाखवला, तर त्या म्हणाल्या लक्ष्मी पावली, आपण न मागता तिनं शेंदूर दिला. लाव म्हणाल्या सगळ्या यंत्रांना. मी लावला. पाया पडून लावला."

"मग झालं तर! त्यांनीच सांगितलं ना?"

"त्यांनी सांगितलं होतं असं त्या म्हणतील का?" तिने ओट्यावरचं फडकं उचलून बोट पुसलं. त्या बोटाला काहीही नव्हतं. "सुनेनं लावला म्हणतील. सुनेच्या हातानं कारखाना बुडाला. आधीच मला ह्या घरात काय काय म्हणतात, ते तुला माहीत आहे."

"पण ताई, मग माझं काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मायेनेच पाहिलं, आणि तेच अजून बोचतं. "तुझं काय रे," ती म्हणाली, "तुला तसेही सगळे थापाड्याच म्हणतात. त्यात आणखी एक. तू एसटीत बसलास की सुटलास. मला इथंच भाकरी थापायच्यात."

बाहेरून दाजींचा आवाज आला, "काय, झालं का शास्त्र?"

ताई पदर सावरून ओसरीवर गेली. मी दाराशी उभा होतो. माझ्या खिशात तिन्ही नळ्या होत्या.

"काही नाही हो," ताई सगळ्यांना म्हणाली. "त्याचं नेहमीचंच. काळे ठिपके दाखवतो आणि म्हणतो बुरशी गोत्र पाळते."

ओसरी हसून हसून कोसळली. दाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकजण म्हणाला, "मग पत्रिका पन बघते का?" मी काय करायला हवं होतं? मी म्हटलं, "बघते तर! मंगळ असला तर नारळ मागते." आणखी हसले. मी सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळला. नाशिकला आल्यावर त्या नळ्या मी स्वतः कुकरमध्ये घातल्या आणि वाफेवर मारल्या. परगोत्राच्या लेकी होत्या, घरात ठेवून कुणाला दाखवणार?

पुढची काही वर्षं मला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. दाजींच्या घरात ते शोभलं नसतं. एसटीच्या कंडक्टरकडून फराळाचा डबा मात्र यायचा आणि वर ताईच्या हातची एक ओळसुद्धा नसायची. मीही काही कळवलं नाही. कॉलेजने तास देणं बंद केलं, बुरशी कुणीतरी सिंकमध्ये ओतली, कोळ्याचा वंशही बहुधा संपला. केळीच्या इमारतीत दाजींनी औषध फवारणीच्या पंपांचं गोदाम केलं. दोन हजार साल उलटलं, खिशाखिशात मोबाईल आले, राग जुना झाला आणि मला पुन्हा भाऊबीजेला बोलावू लागले.

तोवर त्या प्रकरणाची गोष्ट झाली होती. दरवर्षी फराळ झाला की कुणीतरी म्हणायचं, मामांची बुरशी सांगा. आणि ती सांगायची ताई. माझ्याहून झकास सांगायची. "हा दारात आला, सदरा झटकला, तर शेंदराचा असा ढग उठला की म्हशी बुजल्या!" सगळे लोळायचे. मीही मध्ये मध्ये भर घालायचो. पण गोष्ट संपली की मी तिच्याकडे बघायचो. वाटायचं, आता कणीक तिंबल्यासारखं खाली बघून हळूच म्हणेल, म्हशी खऱ्या, ढग खोटा. दरवर्षी बघायचो. ती ताटं उचलायला लागायची.

मला वाटत होतं, सासू आहे, दाजी आहेत, माणसं आहेत समोर, म्हणून बोलत नाही. मग एका भाऊबीजेला सगळे सकाळीच देवदर्शनाला गेले होते. सासूबाई जाऊनही वर्ष झालं होतं. घरात ताई एकटीच होती. मी उंबऱ्यापाशी चपला काढल्या.

"थांब जरा," ती म्हणाली.

मला वाटलं भाकरतुकडा ओवाळणार. तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि माझे दोन्ही खांदे झटकले. मग पाठ, मग बाह्या. अगदी मनापासून, काळजीने, लहानपणी मातीत खेळून आल्यावर झटकायची तसे. मग पदर उजेडाकडे धरून त्याला काही लागलंय का ते बघितलं.

"हं," ती म्हणाली, "ये आता."